परतीपासून आखायची मोहीम : तेरखेड्याच्या डोंगरांत गाड्यांचा ताफा

सोलापूर–धुळे महामार्गाने बीडकडे निघालं की येडशीनंतर येरमाळा लागतं. तिथल्या येडेश्वरीला गाडीतूनच हात जोडले जातात आणि थोड्याच वेळात वाशी तालुक्यातलं तेरखेडा येतं. गावाची ओळख फटाक्यांची. दिवाळीच्या तोंडावर लांबलांबचे व्यापारी इथून माल उचलतात. दुसरी ओळख महामार्गावरून दिसत नाही. तेरणा नदीचा उगम याच परिसरातला. ती पुढे मांजऱ्याला आणि मांजरा गोदावरीला मिळते. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला पडलेला पाऊस मात्र सीनेवाटे भीमेत जातो. बालाघाटाचा हा पट्टा म्हणजे दोन मोठ्या खोऱ्यांमधला पाणलोट आहे. पाच-सहा गाड्या घेऊन डांबर सोडायचं आणि या डोंगरात मुक्काम करायचा असा बेत इथे करावा का, करायचा तर कसा, आणि कायदा, साधनं व अनुभव यांची आपल्याकडे काय शिदोरी आहे, हे इथे एकत्र पाहायचं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा मोहिमेचा आराखडा गाडीपासून सुरू झाला की बिघडतो. तो परतीपासून सुरू व्हावा. कुठल्या जागी, किती वाजता आणि कोणाच्या शब्दावर सगळा ताफा माघारी वळेल, हे घरून निघण्याआधी ठरलेलं असावं. बाकीचे सगळे निर्णय त्यातून निघतात.

जीपची हौस महाराष्ट्राला जुनी आहे. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. मराठवाड्यात मात्र पुढची कित्येक वर्षं जीप म्हणजे तहसीलची, नाहीतर प्रवासी कोंबून नेणारी काळी-पिवळी. 1985 मध्ये मारुतीची जिप्सी आली आणि 2010 मध्ये थार. 2 ऑक्टोबर 2020 ला थारची नवी आवृत्ती आली, ती नाशिकला तयार होऊ लागली, आणि मग हौसेचं रूपच पालटलं. पुण्याच्या फोर्सची गुरखा होतीच, 2023 मध्ये मारुतीची जिम्नीही आली. शनिवार-रविवारी चारही चाकांना ताकद देणारी गाडी बाहेर काढणारा वर्ग आता धाराशिव, बार्शी, लातूरमध्येही आहे. शिकवण्याची सोय मात्र त्या वेगाने वाढली नाही. इगतपुरीला महिंद्राचं प्रशिक्षण केंद्र आहे, गोव्यात 2014 पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजसारखी कस पाहणारी स्पर्धा होते, काही शहरांत जाणत्यांचे गट आहेत. एवढं सोडलं तर बहुतेक जण मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून शिकतात, आणि त्या चित्रफितींत गाडी परत कशी आली हे सहसा नसतं.

त्याचे परिणाम दिसू लागले आहेत. डिसेंबर 2023 मध्ये लाहौल-स्पीतीत चंद्रा नदीच्या पात्रातून थार नेणाऱ्याला पोलिसांनी दंड केला. जून 2024 मध्ये खुलताबादजवळ सुलीभंजनच्या डोंगरावर गाडी चालवून पाहणारी एक तरुणी गाडी मागे घेताना कड्यावरून खाली गेली. त्या वेळी मोबाइलवर चित्रीकरण चालू होतं. तिथे ना चिखल होता ना खडक. सपाट माथा, रिव्हर्स गिअर आणि कड्यापासून पुरेसं अंतर नसणं, एवढ्यावर जीव गेला. डोंगरातली जोखीम अवघड चढणीवरच असते हा समज म्हणूनच सगळ्यात आधी काढून टाकायला हवा. थांबताना, वळताना, फोटोसाठी गाडी लावताना माणसं जास्त बेसावध असतात.

आता जागेचा विचार. पुण्या-मुंबईचे गट सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जातात आणि त्या माथ्यावर आता गर्दी मावत नाही. 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला 3000 पर्यटकांची मर्यादा घालावी लागली. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, आणि त्यानंतर धबधब्यांवर नि कड्यांवर जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश अधिक कडक झाले. मराठवाड्यातल्या गटांनीही पावसाळ्यात तिकडेच धाव घेण्यात मला शहाणपण दिसत नाही.

बालाघाट बुटका आहे. तेरखेडा-येडशीच्या भागात माथ्याची उंची साधारण साडेसहाशे-सातशे मीटरच्या घरात. बेसॉल्टचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक, मधे मुरमाड उतार, खाली काळी माती. कुठेही अडकलात तरी महामार्ग किंवा एखादी वस्ती पायी गाठता येते. शिकणाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. शिवाय वाशी, भूम आणि पलीकडे पाटोद्याच्या माथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा अवजड पाती वर न्यायला रुंद मुरमाचे रस्ते फोडले गेले. माथ्यामाथ्याने जाणारं असं जाळं सह्याद्रीत सहसा मिळत नाही. मात्र हे रस्ते कंपन्यांच्या कामाचे आहेत, त्यांवर रखवालदार असतात, आणि जमिनीच्या मोबदल्यावरून शेतकऱ्यांच्या मनात राग आहे. त्यावरून ताफा नेण्याआधी दोन्हीकडे विचारावं लागतं.

इथूनच नियोजनाचा खरा भाग सुरू होतो, आणि तो कंटाळवाणा वाटतो म्हणून टाळला जातो. डोंगरात ‘मोकळी’ जागा नसते. समोर दिसणारा माळ वन खात्याचा असेल, गायरान असेल, देवस्थानची इनाम जमीन असेल किंवा एखाद्याच्या सातबाऱ्यावरची पड असेल. गाव नकाशावर गाडीवाट, पाणंद आणि शिवरस्ता वेगवेगळे दाखवलेले असतात. त्यांवरून जाण्याचा वहिवाटीचा हक्क आहे, पण बांध ओलांडून रानात गाडी घालण्याचा नाही. नकाशावरची पाणंद प्रत्यक्षात शिल्लक आहे का, की दोन्हीकडच्या शेतांनी ती गिळली, हे गावातल्या माणसालाच ठाऊक. सर्व्हे ऑफ इंडियाचे 1:50,000 मापाचे नकाशे आता फुकट मिळतात आणि त्यांवर समोच्च रेषा दर 20 मीटरला असतात. त्या रेषा जिथे एकमेकींना चिकटल्या तिथे उतार तीव्र. घरी बसून निम्मी वाट त्यावर ठरते, उरलेली निम्मी तलाठी, सरपंच आणि गुराखी ठरवतात. माझ्या लेखी गुराख्याचा शब्द शेवटचा, कारण कालच्या पावसाने ओढ्याची उतरण कुठे कापली ते त्याने सकाळीच पाहिलेलं असतं.

कायदा इथे मोघम नाही. राखीव वनात परवानगीवाचून शिरणं आणि आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, 1927 प्रमाणे गुन्हा आहे. अभयारण्यात प्रवेशालाच 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार परवाना लागतो. तेरखेड्याहून जवळचं येडशी-रामलिंग घाट अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं. श्रावणात रामलिंगाच्या दर्शनाला आणि धबधब्याला लोटणारी गर्दी पाहून हे रान सगळ्यांसाठी खुलं आहे असं वाटतं, पण देवळापर्यंतचा रस्ता वेगळा आणि जंगल वेगळं. डिसेंबर 2024 मध्ये इथल्या ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आलेला नर. पुढे तो बार्शी तालुक्याच्या बाजूलाही वावरला, आणि त्याला पकडून हलवायला ताडोब्याचं पथक बोलवावं लागलं. ज्या डोंगरांत वाघ असल्याचं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं, तिथे तो दिवसच्या दिवस राहिला. रात्री दिवे लावून जंगलातून गाड्या फिरवण्याची कल्पना एवढ्या एका गोष्टीने मोडीत निघायला हवी.

वाघ सोडाच, ज्या उघड्या माळाला आपण पडीक म्हणतो तोही भरलेला असतो. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 पासून आहे. पूर्वी कागदावर 8,496 चौरस किलोमीटर पसरलेलं हे क्षेत्र 2012 मध्ये 1,222 वर आणलं, आणि माळढोक जवळजवळ नाहीसा झाला. पण त्याच्या जातकुळीचं बाकीचं जग, म्हणजे लांडगा, खोकड, काळवीट, धाविक, चंडोल, टिटवी, अजून या माळांवर आहे. टिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात. खड्यांच्या रंगाची ती अंडी चालकाच्या आसनावरून दिसणं शक्य नाही. त्यामुळे मार्च ते जून हा माळावरून गाड्या नेण्याचा काळ नाही, आणि इतर महिन्यांतही आधी उमटलेल्या चाकोरीतूनच जावं. समांतर नवी चाकोरी पाडली की पुढच्या पावसात तिचीच घळ होते.

पैसे घेऊन माणसं नेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. राज्य सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आणि जमीन, पाणी व हवा या तिन्ही प्रकारांत उपक्रम चालवणाऱ्या आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन प्रवासी बसवता येत नाहीत. मित्रांनी खर्च वाटून घेणं आणि शुल्क लावणं यातली रेषा ताफ्याने आधीच स्पष्ट करावी, कारण अपघात झाल्यावर पहिला प्रश्न तोच येतो. विम्याचंही तसंच. खासगी गाडीच्या विम्यात आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा पुन्हा चावी फिरवून निकामी केलं, तर वेगळं इंजिन-संरक्षण घेतलेलं नसल्यास भरपाईची आशा नको.

हंगामाचं गणित इथल्या मातीत आहे. काळी माती भिजली की रुंद, खाचदार टायरच्याही खाचा दोन फेऱ्यांत बुजतात आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतं. चारही चाकांची ताकद तिथे फक्त चार खड्डे पाडते. शेतकरी अशा वेळी वाफशाची वाट पाहतो. मूठभर माती उचलायची, वळायची, खाली सोडायची. गोळा तसाच राहिला तर रान ओलं आहे, फुटून भुगा झाला तर वाफसा आला. ट्रॅक्टर घालावा की नाही हे तो असं ठरवतो, आणि ताफ्यालाही याहून चांगलं मोजमाप मिळणार नाही. धाराशिव जिल्ह्यात पावसाचा जोर बहुधा उशिरा, भाद्रपद-आश्विनात येतो. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला आलेल्या पुराने परंडा तालुक्यात लोकांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. एरवी उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत दिसणारी ही नदी. म्हणून दसरा-दिवाळी उलटल्यावर ते माघापर्यंत हाच काळ मला योग्य वाटतो. हवा कोरडी, रात्री दहा-बारा अंशांपर्यंत गार, आणि ज्वारी हुरड्यात आलेली.

गाड्या किती? पाच किंवा सहा, त्याहून जास्त नकोत. हिशेब साधा आहे. एका अवघड उतरणीला दर गाडीमागे दहा मिनिटं धरली तर सहा गाड्यांना तास लागतो, बारांना दोन. दिवसात अशा चार जागा आल्या की बारा गाड्यांचा दिवस तिथेच संपतो आणि उरलेली वाट अंधारात कापावी लागते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. साडेचारला तंबूच्या जागी पोहोचायचं असेल, तर डांबर सोडून दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर पुष्कळ झाले. अर्धी वेळ उलटली आणि अर्धी वाट झाली नाही, की तिथूनच माघार. हा नियम चर्चेला ठेवायचा नाही. सबंध ताफ्यात माघारीचा शब्द ज्याच्याकडे आहे त्याने स्वतः सगळ्यात पुढची गाडी चालवू नये, कारण पुढे असलेल्याला पुढेच जायचं असतं. तो शेवटच्या गाडीत बरा.

शेवटची गाडी सर्वांत जाणत्या चालकाची, हे जाणते गट कटाक्षाने पाळतात. दोर, शॅकल, हवेचा पंप, औषधांची पेटी तिच्यात. मधल्या प्रत्येकाने मागची गाडी आरशात दिसते आहे ना हे पाहत राहायचं, दिसेनाशी झाली की थांबायचं. तो थांबला की पुढचा थांबतो, आणि असा निरोप आपोआप पुढे पोहोचतो. मोबाइलचं नेटवर्क घळीत जातंच. 446 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले कमी ताकदीचे वॉकीटॉकी 2018 पासून परवान्याशिवाय वापरता येतात. त्याहून ताकदवान संच बाजारात सर्रास मिळतात, पण ते परवान्याविना बाळगणं बेकायदा आहे.

गाडी कशी चालवायची ते इथे पूर्ण सांगता येणार नाही, तरी दोन गोष्टी वगळू नयेत. मुरूम-खडकात शिरण्याआधी टायरची हवा कमी करायची. रस्त्यावर 32-33 असते ती वीस-बावीसवर आणली की टायर पसरून दगडाला धरतो आणि आतल्या माणसांच्या कण्यालाही आराम मिळतो. डांबराला लागण्याआधी ती पुन्हा भरायची, म्हणून पंप चालू आहे का ते घरीच पाहायचं. उतारावर लो रेंजमध्ये पहिला गिअर आणि ब्रेकवरचा पाय हलका. बाकी सारं जाणत्याच्या शेजारी बसून शिकावं.

दुसरी गोष्ट रुतलेली गाडी काढण्याची, कारण जीव जातो तो इथे. ओढ्याच्या काठावर गाडी पोटापर्यंत बसलेली असते, सगळ्यांना घाई असते आणि कोणीतरी समोरच्या गाडीच्या बंपरला दोर बांधतो. बंपर, किंवा टो-बॉलचा गोळा, ओढण्यासाठी नसतो. तो तुटला तर गोळीसारखा सुटतो. आधी फावड्याने चाकांपुढची माती काढायची, चाकाखाली दगड किंवा तरट घालायचं, हवा आणखी उतरवायची. निम्म्या गाड्या एवढ्यावरच निघतात. मग दोर लावायचा तो चासीला बसवलेल्या हुकाला. ताणलेल्या दोरावर मधोमध ओली गोधडी टाकायची, म्हणजे दोर तुटलाच तर तो उसळण्याऐवजी खाली पडतो. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात माणूस नको. इशारा एकाच माणसाचा आणि तो हाताने, ओरडून नव्हे. गावातून ट्रॅक्टर बोलावला तर त्याच्या डिझेलचे आणि वेळेचे पैसे द्यायचे, तो नको म्हणाला तरी द्यायचे.

मुक्कामाच्या जागेचा विचार तेरखेड्यात एका वेगळ्या कारणाने करावा लागतो. गावाबाहेरच्या माळावर फटाक्यांचे कारखाने विखुरलेले आहेत. त्यांत स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले आहेत, त्या घरांची दुःखं गावात ताजी आहेत. अशा परिसरात उघड्यावर शेकोटी आणि वाळलं गवत यांची गाठ पडू देणं म्हणजे गावाच्या जखमेवर पाय देणं. कारखाना दृष्टीच्या टप्प्यात असेल तर आग नकोच. इतरत्रही गॅसच्या शेगडीवर भागवावं, लाकूड तोडू नये. ओढ्याच्या पात्रात, कड्याच्या काठावर आणि एकट्या झाडाखाली तंबू नको. दोन-तीन वर्षं पडीक असलेली एखाद्या शेतकऱ्याची जागा ठरवून, भाडं देऊन घेतली तर पाणी, राखण आणि सकाळची भाकरी तिन्ही मिळतात. पाण्याच्या बाबतीत हावरेपणा नको. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तो हाच प्रदेश. माणशी दिवसाला पाच लिटर धरून घरूनच भरून न्यावं.

दगड उचलताना आणि सकाळी बूट घालताना विंचवाचा विचार करावा. लाल विंचवाचा दंश हृदयावर जातो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980 च्या दशकात प्राझोसिन या साध्या गोळीने ही माणसं वाचवता येतात हे दाखवलं आणि ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी आपण ठरवून द्यायची नाही, पण ती कुठल्या रुग्णालयात मिळेल हे आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवायचं. सापाचंही तेच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, आणि फुरसं तर याच दगडगोट्यांतलं. चावलेला अवयव हलवू न देता माणसाला रुग्णालयात न्यायचं. कापणं, चोखणं, आवळून बांधणं यात वेळ आणि अवयव दोन्ही जातात. 108 ला फोन लागतो, पण रुग्णवाहिका माळावर चढत नाही. रात्री तंबूजवळ लावलेल्या गाड्यांपैकी एक तोंड रस्त्याकडे करून, मोकळी आणि टाकी भरलेली ठेवायची. किल्ली कोणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक हवं. परतीचं नियोजन म्हणतो ते हे.

या सगळ्याने गावाला काय मिळतं, हा प्रश्न आपल्याकडच्या चर्चेत मागे राहतो. कॅलिफोर्नियातल्या जॉर्जटाउन गावाच्या लोकांनी 1953 मध्ये रुबिकॉनच्या जुन्या डोंगरवाटेवर जीपचा पहिला मेळावा भरवला, 55 जीप आल्या. हेतू उघड होता: गावात पैसा यावा. तो आलाही, आणि ती वाट जगभर गाजली. पण गर्दी वाढली, तेल सांडलं, वाटेवर माणसांची घाण साचली, माती ओढ्यांत उतरली, आणि 2009 मध्ये पाण्याची राखण करणाऱ्या सरकारी मंडळाला स्वच्छतेचा आदेश काढावा लागला. आपल्यासाठी या हकिकतीचे दोन्ही भाग उपयोगाचे आहेत. तेरखेड्याच्या डोंगरावर सांडलेलं इंजिन ऑइल तेरणेत उतरतं, आणि तेरणेच्या काठी पुढे संत गोरोबाकाकांचं तेर आहे, धरण आहे, शेकडो गावांची पाणीपुरवठ्याची भिस्त आहे. म्हणून निघण्याआधी इंजिनाखाली कोरडा पुठ्ठा रात्रभर ठेवायचा. सकाळी त्यावर डाग असेल ती गाडी ताफ्यात नको. शौचासाठी पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर वीतभर खड्डा, नंतर मातीने बुजवलेला. कागद परत पिशवीत.

गावाचा वाटा मात्र आताच ठरवता येईल. वाशी आणि भूम तालुक्यांतल्या दोन-तीन ग्रामपंचायतींनी ठराव करून एक ठराविक वाट नेमावी: वन आणि अभयारण्य टाळणारी, पाणंदी व पवनचक्कीच्या रस्त्यांवरून जाणारी, कारखान्यांपासून दूर, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतच खुली. दर गाडीमागे शुल्क, त्यातून पाणंदीची डागडुजी. वाटाड्या गावातलाच, रोज ठरवून. जेवण बचत गटाच्या बायकांचं: भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हंगामात हुरडा, आणि निघताना भूम-कुंथलगिरीकडचा खवा. एका दिवशी सहाच गाड्या, आणि वाफसा नसेल त्या दिवशी एकही नाही. तो निर्णय सरपंचाने नेमलेल्या शेतकऱ्याचा. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे आणि पोलिस ठाण्यात प्रत्येक ताफ्याची नावं, गाड्यांचे क्रमांक आणि परतीची वेळ आदल्या दिवशी जमा व्हावी. ती वेळ टळून दोन तास झाले तर शोध कोणी सुरू करायचा, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असावं.